सकाळी सातची नाडी

गुरुवार, २१ डिसेंबर १९६१. दिग्रस

ही वही डॉक्टरांची आहे. मी नुसता लेखनिक.

परवा गोवा मुक्त झाल्याची बातमी शाळेत आली आणि त्याच तासाला, नववीच्या वर्गात धातुरूपे सांगता सांगता, मी फळ्याला टेकून हळूच खाली बसलो. मुलांना वाटले, मास्तर आनंदाने बसले. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला टाळ्या ऐकू येत होत्या, मुले दिसत नव्हती.

रक्तदाब निघाला. डॉक्टर नवा आहे, वय एकोणतीस. त्याच्या आज्ञा अशा: मीठ बंद. चहा दिवसाला एक. दोन्ही वेळा फिरणे, दुपारी झोपणे. नागपूरच्या दैनिकाला बातम्या पाठवणे बंद, आणि ते दैनिक वाचणेही बंद. नाताळच्या सुट्टीत कुठेतरी उघड्या हवेत जाऊन स्वस्थ पडायचे आणि कशाचीही काळजी करायची नाही. फेब्रुवारीत अष्टग्रही आहे, जग बुडणार म्हणून अर्धे गाव होमाची समिधा गोळा करत आहे. मी म्हटले, "बुडायचंच असेल तर तेवढा महिना मीठ खाऊ द्या." तो हसला नाही. नवे डॉक्टर हसत नाहीत.

शेवटची आज्ञा सौ.ला. रोज सकाळी सातला, चहाच्या आधी, पूर्ण एक मिनिट माझी नाडी मोजायची आणि आकडा मी या वहीत लिहायचा. सध्या नव्वदीच्या घरात आहे. ऐंशीच्या खाली येऊन टिकली की मोजणे बंद. मोजताना दोघांनीही बोलायचे नाही.

"जमेल ना?" त्याने विचारले.

"मला जमेल," सौ. म्हणाली, "यांचं सांगता येत नाही."

शुक्रवार, २२ डिसेंबर

नाडी ८८.

सासऱ्यांनी लग्नात दिलेले मनगटी घड्याळ तिने डाव्या हातात धरले आणि उजव्या हाताची तीन बोटे माझ्या मनगटावर ठेवली. विहिरीच्या पाण्याने बोटे गारठलेली होती. चुलीच्या राखेचा वास येत होता. मिनिट एवढे लांब असते हे मला ठाऊक नव्हते. वर्गात तास संपत नाही तो भाग वेगळा.

लग्नाला बावीस वर्षे झाली. मुलगी पुसदला दिली. एवढ्या काळात हिने माझा हात धरल्याचे आठवू लागलो तर एकदम लग्नाच्या होमापाशीच जाऊन पोचलो. पाणिग्रहण एकदाच होते असे शास्त्र सांगते. या पोराने ते रोज सकाळी सातला लावून दिले आहे. शास्त्राचा अभ्यास नसला की असे होते.

शनिवार, २३ डिसेंबर

नाडी ९०. कारण पुढीलप्रमाणे.

माझ्या जागी बातम्या पाठवण्याचे काम आमचा ड्रॉइंग मास्तर नागोराव याने घेतले आहे. मी दैनिक वाचत नाही. परंतु वाण्याने गूळ ज्या कागदात बांधून दिला त्यात नागोरावची बातमी होती, त्याला मी काय करणार? कापसाच्या बाजारावर एकवीस ओळी! अकरा वर्षांत माझी बातमी सात ओळींच्या पुढे कधी गेली नाही. एकदा पूर आला तेव्हा नऊ.

वाणी वर म्हणतो, "मास्तर, आताशा तुमचं लिवणं लई सोपं झालं. सारं समजते."

षड्रिपूंत मत्सर सहावा आणि शेवटचा. बाकीचे पाच वयाबरोबर थकतात. हा नोकरीत कायम झालेला दिसतो.

रविवार, २४ डिसेंबर. देवीलालचा तांडा

उघडी हवा मिळाली. देवीलाल आणि मी मराठी चौथीपर्यंत एका बाकावर होतो. पुढे मी संस्कृताकडे गेलो, तो शेताकडे. कोणाचे बरे झाले ते त्याच्याकडे पाहून कळते. पन्नाशीचा आहे, दात सगळे, केस सगळे. दुपारी बैलबंडी घेऊन दारात आला.

"चला मास्तर. आमच्या तांड्यावर दुखणं टिकत नाई. कटाळून निंगून जाते."

दिग्रसपासून पाच मैल. बंजाऱ्यांची तीस-पस्तीस घरे, भोवती कपाशी आणि तूर. कडेची एक खोली आम्हांला दिली. देवीलालची बायको सुखीबाई हिने ज्वारीची भाकर, तुरीच्या ओल्या सोल्यांची भाजी आणि ठेचा वाढला. मला निराळी भाजी, अळणी. देवीलालने माझ्यासमोर ठेच्यावर वरून मीठ घेतले. मित्र असाच असतो.

सोमवार, २५ डिसेंबर

नाडी ८४.

ओट्यावर उन्हात बसून मोजणी चालली असता सुखीबाई दूध घेऊन आली आणि थबकली. नवरा-बायको हात धरून बसलेली, दोघेही मुकी.

"काय करून राह्यली बाई?"

मिनिट संपेपर्यंत सौ. बोलली नाही. मग म्हणाली, "नाडी मोजते. काळीज मिनिटाला किती ठोके देतं ते."

"मोजून काय करता?"

"वहीत लिहितात."

सुखीबाईने दूध खाली ठेवले, बांगड्या वर सारल्या आणि हात पुढे केला. "माई बी मोज."

७६ निघाली. सुखीबाई तो आकडा घोकत घरी गेली.

मंगळवार, २६ डिसेंबर

नाडी ८५. माझी. हे आता स्पष्ट लिहावे लागते, कारण आज आणखी सात जणांची मोजली गेली. तांड्यात बातमी पसरली की मास्तरची बाई काळजाचे ठोके सांगते. तिला सगळ्या बायका 'याडी' म्हणू लागल्या आहेत. त्यांच्या भाषेत याडी म्हणजे आई. मला अजून कोणी काही म्हणत नाही.

शेवटी देवीलाल आला. मनगट कसले, बाभळीचा बुंधा. हिची तीन बोटे पुरेनात, सरकवून सरकवून जागा शोधावी लागली. तो मिनिटभर गप्प बसेल तर शपथ.

"सापडली का याडी? का निंगून गेली वावरात?"

आणि सौ. हसली. मोजता मोजता हसली, आकडा चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजले. म्हणजे दोन मिनिटे.

"चौसष्ट!" तिने मला सांगितले. "बघा, चौसष्ट! किती शांत चालते."

मी म्हटले, "बैलाची याहून कमी असते."

माझ्या नाडीवर ती कधी हसलेली नाही. डॉक्टरांची आज्ञा बोलायचे नाही अशी होती, हसण्याबद्दल त्याने काही सांगितले नव्हते, ही त्याची चूक.

बुधवार, २७ डिसेंबर

८६. तेरा माणसे. घड्याळ माझे.

गुरुवार, २८ डिसेंबर

नाडी ८५.

सौ. सुखीबाईबरोबर कापूस वेचायला गेली. हो, आमची सौ. कमरेला ओटी बांधून. मला स्वस्थ पडण्याची आज्ञा असल्यामुळे मी बाजेवर स्वस्थ पडलो. स्वस्थ पडणे हे फार कष्टाचे काम आहे, करून पाहिल्याशिवाय कळायचे नाही. डावीकडे वळलो, उजवीकडे वळलो. छताचे वासे मोजले, सतरा. काळजी करायची नाही असे मनाला बजावले, तर कशाची करायची नाही याची यादी करावी लागली, आणि यादी नागोरावपासून सुरू झाली.

दुपारी शेतातून बायकांचे हसणे ऐकू आले. त्यात एक आवाज ओळखीचा वाटला. उठून बसलो. हा आवाज मी पूर्वी ऐकला होता, पण घरात नव्हे. बऱ्याच विचारान्ती आठवले: हिच्या माहेरी, आमचे लग्न ठरवायला गेलो होतो तेव्हा, माजघरातून.

संध्याकाळी आली ती उन्हाने लाल झालेली. बोटांना बोंडांच्या काट्यांचे ओरखडे.

"काय ग, एवढं हसण्यासारखं काय होतं कपाशीत?"

"तुमच्या गोष्टी सांगत होते," ती म्हणाली आणि पाणी तापवायला गेली.

शुक्रवार, २९ डिसेंबर

नाडी ९४.

सात वाजता ओट्यावर आलो तर ओट्याखाली वीसएक माणसे उकिडवी बसलेली. रुपीबाई म्हणून एक म्हातारी नव्वदीची असावी, तिची नाडी लागता लागेना. ती लागली. मग एक गरोदर पोर. मग फुलसिंग नावाचा धिप्पाड गडी, ज्याला काहीही झालेले नाही आणि कधी होणारही नाही. मी तिथेच उभा, बाही वर करून, पावणेआठपर्यंत.

शेवटी म्हटले, "आमचा नंबर आज लागायचा आहे का?"

ती घड्याळावरून नजर न काढता म्हणाली, "तुमचं काय, तुम्ही घरचेच आहात."

घरचेच! मी तिथे, वीस माणसांदेखत, एक वाक्य बोललो. लिहितो, कारण ही वही खरी असावी अशी आज्ञा आहे. "रोगी मी आहे. डॉक्टरांनी नाडी माझी सांगितली आहे. गावाला वाटायला नव्हे."

फुलसिंगने हात मागे घेतला. सौ.ने माझे मनगट धरले आणि मोजले. आकडा सांगताना तिचा आवाज बारीक झाला होता. "चौऱ्याण्णव. अहो, असं काय करता? घाबरवता का मला?"

देवीलाल पायरीवर दात घाशीत होता. "मास्तर," तो म्हणाला, "जळून राह्यले काय?"

"कोणावर?"

"आता हे पाहा. रांगेत इतले जन हायत. कोनाचं नाव घिऊ?"

शनिवार, ३० डिसेंबर

नाडी ८८. ओट्यावर कोणी आले नाही. देवीलालने सगळ्यांना येऊ नका म्हणून सांगितले असावे. आम्ही दोघेच, ऊन छान. पण तिने मोजले, सांगितले आणि उठून गेली. काल चौऱ्याण्णव होते तेव्हा थोडा वेळ हात सोडला नव्हता.

दिवसभर म्हातारी रुपीबाई लांबून ओट्याकडे बघत होती. संध्याकाळी मीच सौ.ला म्हटले, "उद्या बोलाव त्यांना. पण पहिली माझी."

"बरं," ती म्हणाली. मान खाली घालून म्हणाली, त्यामुळे चेहरा दिसला नाही.

रविवार, ३१ डिसेंबर

नाडी ८१. पहिली. मागून बावीस.

सकाळी फिरायला गेलो तो तुरीच्या बांधापर्यंत. पलीकडे देवीलाल आणि सुखीबाई बसलेली. त्याने तिचे मनगट आपल्या पंजात घट्ट धरलेले, दोघे समोर बघत. मला पाहून सुखीबाई पदर सावरून वेचायला पळाली.

देवीलाल ओशाळला. मी त्याला ओशाळलेले चौथीनंतर आज पाहिले.

"काय सांगू मास्तर. चार दिस झाले, डोकस्यात बसली हाये. म्हनते, मास्तर पाहा, आपल्या बायकोपाशी रोज हात घिऊन बसते. तुमी तीस सालात कवा बसले? म्या म्हनलं, बस, मोजतो."

"किती आली?"

"मोजतो कायले? मले कुठं घड्याय समजते! धरली अन् बसलो."

मी त्याला समजावून सांगितले की मिनिटाचे मान नसेल तर त्या धरण्याला अर्थ नाही, शास्त्रीयदृष्ट्या तो उपचार ठरत नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

"असंन," तो म्हणाला, "पन ते भाकर घिऊन येनार होती बारा वाजता, आता अकरालेच येतो म्हनते."

अशिक्षितपणा.

सोमवार, १ जानेवारी १९६२. दिग्रस

परत आलो. निघताना अर्धा तांडा बंडीमागे चालत आला, सौ.साठी. रुपीबाईने तिला वाटीभर मध दिला. मला देवीलालने ठेचा दिला, डॉक्टर बदलला की खायला.

सौ.ला घरी सोडून मी परस्पर दवाखान्यात गेलो. रक्तदाब उतरला. नाडी डॉक्टरने स्वतः मोजली, ७४. त्याने प्रथमच हसून दाखवले. "उत्तम. रोजचं मोजणं आता बंद करा. मीठ थोडं घ्या. महिन्याने या."

घरी आलो. सौ. कुलूप काढून उंबऱ्यातच उभी होती, बोचकेही उचलले नव्हते.

"काय म्हणाले?"

"बरं आहे म्हणाले. पण मोजणं चालू ठेवा म्हणाले."

हे मी का बोललो ते नीट सांगता येत नाही. डॉक्टर वयाने लहान आहे, महिनाभरात काय होईल ते त्याला कसे कळणार? सावधगिरी बरी. मीठही आजच सुरू केले नाही, नाहीतर संशय आला असता.

शुक्रवार, ५ जानेवारी

चार दिवस ७६, ७५, ७४, ७४. शाळा सुरू झाली. नागोरावने बातम्यांचे काम परत दिले, जाता जाता तांड्यावरच्या नाडीमोजणीची बातमी छापून आणून: 'स्थानिक शिक्षकाच्या सुविद्य पत्नी.' सोळा ओळी. तिचे नाव तीनदा. शिक्षकाचे नाव नाही. मला याचे फारसे काही वाटले नाही, याचे आश्चर्य वाटले.

कारण काळजी निराळीच आहे. सौ. आज घड्याळ ठेवता ठेवता म्हणाली, "आठवडा होईल ऐंशीच्या खाली. आता काय राहिलं मोजण्यासारखं? सकाळी माझीही कामं पडून राहतात."

"अजून दोन दिवस पाहू," मी म्हटले.

शनिवार, ६ जानेवारी

पहाटे उठून विहिरीचे अकरा पोहरे ओढले आणि परसातला हौद भरला. सातला नाडी ९६.

सौ.ने दोनदा मोजली. मग परसात गेली आणि ओरडली, "अहो, हौद कोणी भरला?"

"भरलेलाच होता."

सोमवार, ८ जानेवारी

काल चौदा पोहरे, आज सोळा. नाडी १०४. आकडा सांगितलाच नाही तिने, मी तोंडावरून ओळखून विचारला. डोळ्यांत पाणी होते. मला फार वाईट वाटले आणि, वही खरी असावी म्हणून लिहितो, थोडे बरेही वाटले. त्या थोड्याबद्दल लाज वाटते.

दुपारी शाळेतून आलो तर घराला कुलूप. शेजारच्या मथुराबाई म्हणाल्या, ती दवाखान्यात गेली. तासाभराने आली. खोकल्याचे औषध आणायला गेले होते म्हणाली. बाटली दिसली नाही. खोकलाही नव्हता. उलट चेहरा असा होता जसा कपाशीतून आल्यावर होता.

त्या डॉक्टराकडे एवढे तासभर बोलण्यासारखे काय असते? माझ्याशी तो दहा मिनिटांवर कधी बोलला नाही. एकोणतीस वर्षांचा आहे. अजून अविवाहित.

मंगळवार, ९ जानेवारी

पहाटे पोहरा घ्यायला परसात गेलो तर पोहरा जागेवर नाही. दोरही नाही. हौद काठोकाठ भरलेला. ती चुलीपाशी बसली होती, ओल्या पदराने.

सातला आपण होऊन आली. "द्या हात."

मोजून म्हणाली, "ब्याऐंशी. अजून ऐंशीच्या वरच आहे हो. मोजायला तर लागेलच." आणि उठता उठता, "भाजीत आजपासून मीठ घातलंय. हौद मी भरत जाईन."

मिठाचे तिला कोणी सांगितले, आणि हौदाचा इथे काय संबंध, हे विचारायचे मी टाळले.

शनिवार, १३ जानेवारी

१० ते १३, रोज ब्याऐंशी. माझी नाडी इतकी एकनिष्ठ असेल असे मला वाटले नव्हते. बाजारात डॉक्टर भेटला, रस्त्यातच मनगट धरून म्हणाला, "बहात्तर. छान!" आणि उगीचच हसला. आता तो फार हसू लागला आहे. त्याचे घड्याळ पुढे पळत असावे.

त्याने धरलेले मनगट घरी येईपर्यंत मला परके वाटत होते.

रविवार, १४ जानेवारी. संक्रांत

रात्री निजण्याआधी घड्याळाला चावी देण्याचे काम माझे. काल तिळाचे लाडू वळण्यात इंदूला, म्हणजे सौ.ला, मदत केली (तीन फुटले, ते मी खाल्ले) आणि चावी राहून गेली.

सकाळी थंडी चांगलीच होती. ती आली, जुन्या शालीचे एक टोक माझ्या गुडघ्यांवर टाकले, दुसरे स्वतःच्या. घड्याळ डाव्या हातात घेतले, बोटे मनगटावर ठेवली. बोटांना गुळाचा वास. माझी नजर घड्याळावर गेली. काटे दोन वाजून दहा मिनिटांवर उभे होते. सेकंदाचा काटाही उभा.

तिची नजरही तिथेच होती. ती घड्याळाकडे बघत होती, मी घड्याळाकडे बघत होतो. बोलायचे नाही अशी आज्ञा आहे, म्हणून दोघेही बोललो नाही. समोरच्या छपरावर ऊन आले, मग ओसरीवर, मग शालीवर. दूधवाला हाक मारून निघून गेला.

मग तिने घड्याळ पालथे ठेवले.

"ब्याऐंशी," ती म्हणाली. "लिहा."

लिहिले. नाडी ८२.

घड्याळाला अजून चावी दिलेली नाही.